सासऱ्यांनी धुतलेली बरणी

"पाऱ्याचा एक कण जरी माझ्या दवाखान्यातून गटारात गेला, तर माझं नाव बदलून ठेवा!" असं डॉक्टरीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. आणि त्यात खोटं काही नव्हतं. दातांत पूर्वी भरलेली ती चांदी असते ना, तिच्यात पारा असतो. ती कोरून काढली की तिचा चुरा बाई जाळीत अडवायच्या आणि निळ्या झाकणाच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवायच्या. बरणी न्यायला खास गाडी यायची. चूळ भरणाऱ्या पेशंटकडेसुद्धा बाई पोलिसासारख्या बघायच्या!

त्या दुपारी बेसिनपाशी निळ्या झाकणाची बरणी धुऊन उपडी घातलेली दिसली. लख्ख!

बाईंनी धावत जाऊन कपाट उघडलं. पाऱ्याची बरणी जागेवर नाही!

"बाबा, ही बरणी कुणी धुतली?"

काउंटरवर बसलेले सासरे दचकले. "मी. का गं?"

"आत काय होतं?"

"काही नाही... जरासा काळपट गाळ," सासरे नजर चुकवत पुटपुटले. "दिला बेसिनमध्ये ओतून."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. वर्षभराचा पारा गटारात! तिथून नदीत, नदीतून माशांत, माशांतून कुणाच्या तरी ताटात!

"नळाला हात लावू नका कुणी!" मास्क, हातमोजे चढवून त्या बेसिनखाली शिरल्या. पाइप खोलून आतलं सगळं टबात घेतलं. नुसतं गढूळ पाणी! म्हणजे पारा पुढे गेलासुद्धा!

"चुकलो गं, पुन्हा नाही करणार!" सासरे रडकुंडीला आले.

"आता कशाला पुन्हा? व्हायचा तो अनर्थ झालाच की!"

बाईंनी गाडीवाल्याला फोन लावला. "दादा, घात झाला हो! आमची बरणी गटारात रिकामी झाली!"

"कसली रिकामी? उद्याची फेरी आम्ही आजच मारली. सकाळीच तुमच्या सासऱ्यांनी बरणी हातात दिली. ही काय समोर आहे, सीलबंद!"

बाई मटकन स्टुलावर बसल्या. "मग बाबा, ही कुठली?"

"माझी. कवळी ठेवायची," सासरे खालच्या मानेने म्हणाले. "तू नको म्हणतेस ना, त्या काळ्या मंजनानेच घासतो मी कवळी. चोरून. त्याचा गाळ होता."

एरवी यावर तासभर व्याख्यान झालं असतं. आज बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "घासा हो बाबा! खुशाल घासा! हुश्श, जीव भांड्यात पडला माझा!" म्हणत त्यांनी टब उचलला आणि आनंदाच्या भरात बेसिनमध्ये रिकामा केला.

बेसिनला खाली पाइप होता कुठे? सगळं पाणी धो धो त्यांच्याच पायांवर!

"पोरी," सासरे हळूच म्हणाले, "हे मात्र मी केलेलं नाही हं!"