डायनासोरचे दात बघायला गेलेले भाऊजी

म्हाळबा भाऊजींचा उजवा हात कोपरापर्यंत डायनासोरच्या तोंडात होता आणि मोटार बंद करणारा माणूस चहा प्यायला गेला होता.

जबडा मिटायचा, जरासा उघडायचा, पुन्हा मिटायचा. वरून रबर आणि आत लोखंड. भाऊजींच्या मनगटातलं चांदीचं कडं आत कुठंतरी अडकलं होतं, त्यामुळं हात बाहेर निघेना. कर्ण्यातून आवाज येत होता, "सावधान! हा पृथ्वीवरचा सगळ्यात भयंकर शिकारी!" लोक मोबाइल काढून उभे होते. आणि भाऊजी हसत होते. कपाळावरून घामाच्या धारा चालल्या होत्या, तरी हसत होते.

"लई गरीब जनावर हाय गं आरू," ते म्हणाले. "बघ कसं चाटतंय मला."

आरू म्हणजे त्यांची नात, पाच वर्षांची. तिनं माझं बोट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

म्हाळबा भाऊजी माझे धाकटे दीर. अर्धं आयुष्य बिडकीनकडच्या माळावर मेंढरांमागं गेलं. मेंढरं विकली आणि आता मुकुंदवाडीत लेकीकडं राहतात, माझ्या शेजारच्या खोलीत. लेक सुमी शेंद्र्याला कंपनीत जाते, जावई ट्रकवर असतो, म्हणून आरूला भाऊजीच सांभाळतात. माणूस कामाचा आहे. डोक्यात खूळ एकच. मोठ्या तोंडाचं कुठलंही जनावर असो, हे त्याची बाजू घेणार. लांडगा, मगर, समोरच्या किराणावाल्याचं कुत्रं, सगळ्यांविषयी यांचा निकाल एकच. "भुकेलं हाय, वैनी. वाईट नाय." ते कुत्रं त्यांना चावलं. सुई टोचून घेताना त्यांनी डॉक्टरलाही हेच सांगितलं.

तर झालं असं की बालवाडीच्या भिंतीवर रंगाऱ्यानं डायनासोर काढला. दात विचकलेला आणि तोंडातून रक्त गळणारा. लहान लेकरांच्या भिंतीवर असलं काढणाऱ्याला फुलं काढायला काय झालं होतं, कोण जाणे. आरूनं तो पाहिला आणि शाळेचं नावच टाकलं. उचलून नेली तर दाराला धरून किंचाळायची. पुढं पुढं न्हाणीतही एकटी जाईना. सुमी रडकुंडीला आली. असंच चाललं तर काम सोडून घरी बसावं लागेल म्हणाली.

भाऊजींनी ते मनावर घेतलं. सुमीचा जुना मोबाइल घेऊन डायनासोर बघायला बसले. उठल्यावर डायनासोर, जेवताना डायनासोर. बघायचे कमी आणि पडद्याशी भांडायचे जास्त.

"हे बघा वैनी, वाऱ्यावानी पळतंय म्हणं! एवढं धूड घेऊन? पडलं तर उठंल का? आन् हात बघा की त्याचं. नाकावरची माशी हाकलता येईना, ते काय दुसऱ्याला भेव दाखवतंय!"

आणखी एकदा म्हणाले, "त्याच्या हाडावर दुसऱ्याच्या दाताच्या खुणा सापडल्यात. बरगड्या मोडून परत जुळल्यात. सारखा मार खात होता बिचारा."

"आणि जबडा?" मी विचारलं. "तोच मोबाइलवाला म्हणाला, हाडाचा चुरा करायचा. मीपण ऐकते, भाऊजी."

"ते हाय," भाऊजी जरा दबले. "पण मेलेलं बी खायचा. माळावर म्हैस मरून पडली तर कुणीतरी उचलायला लागतंच की."

"तो तुमच्यापुढं आला असता तर काय केलं असतं?"

"काठी आपटली असती."

"आणि मग?"

"मग काय, त्याची एका येळची सोय झाली असती."

एवढ्यात मैदानावर हलणाऱ्या डायनासोरचं प्रदर्शन आलं. भाऊजींनी ठरवलं की आरूला घेऊन जायचं. मी म्हटलं, पोरीला भिंतीवरचा सोसत नाही आणि तुम्ही हलणारा दाखवता? ते म्हणाले, "लांबून भ्या वाटतं, वैनी. जवळ गेलं की जनावर निस्तं जनावर असतंय." मीही गेले. कुणीतरी शहाणं माणूस बरोबर पाहिजे म्हणून.

तिथं गेल्यावर आरू दोरीच्या पुढं सरकेना. पण एवढं मात्र विचारलं, "आबा, हा म्हातारा हाय का?"

आता धनगराला जनावराचं वय विचारल्यावर तो काय करणार? दात बघणार. भाऊजींचा हात दोरीवरून आपोआप पुढं गेला. मेंढराचं तोंड उघडायचं तर ओठाच्या कोपऱ्यातून बोटं घालतात. तिथं दात नसतात, बोटं सलामत राहतात. मेंढराला नसतात. याला होते. याला सगळीकडं होते.

हात अडकल्यावरही त्यांनी मेंढपाळकीच केली. जनावरानं धरलं तर हात ओढायचा नाही, नाकपुड्या दाबायच्या, म्हणजे ते श्वासासाठी तोंड उघडतं. भाऊजींनी डाव्या हातानं रबराच्या नाकपुड्या दाबल्या.

"भाऊजी, मोटार नाकानं श्वास घेत नाही," मी म्हटलं.

"बघू तर."

जबडा पुन्हा मिटला. भाऊजींचं तोंड पांढरं पडलं. कर्णा आपला "भयंकर, भयंकर" करत होता.

"ओरडा की! कुणीतरी येईल."

"नाय वैनी," ते हळूच म्हणाले. "ती बघतीया. मी वरडलो तर पोर जल्मभर भिईल."

मग मीच ओरडले. "अरे, मोटारवाला कुठं मेला?" माझा आवाज मोठा आहे. कर्णा त्यापुढं काहीच नाही.

मी ओरडत असताना आरूनं माझं बोट सोडलं. दोरीखालून आत शिरली, पायातली चप्पल काढली आणि त्या धुडाच्या पायावर हाणायला लागली.

"सोड! माझ्या आबाला सोड! भूक लागली तर आपल्या घरी जाऊन जेव!"

तेवढ्यात मोटारवाला चहाचा ग्लास घेऊनच पळत आला. "अरे चच्चा, हात काय कू डाले अंदर?" असं म्हणत त्यानं बटण दाबलं. खालचा जबडा लोंबायला लागला. कडं वाकवून हात सोडवला.

आरूला बटण दिसलं नव्हतं. तिला एवढंच कळलं की आपण चप्पल मारली आणि डायनासोरनं तोंड उघडलं. मी तिला खरं काय ते सांगणार होते, पण भाऊजींनी माझ्याकडं असे डोळे वटारले की मी गप्प बसले.

दवाखान्यात हाताचा एक्स-रे काढला. मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? भाऊजी म्हणाले, "माझ्या नातीनं सोडवलं." डॉक्टरनं ते विचारलं नव्हतं.

प्लास्टर वाळेपर्यंत आरू बाकावर झोपून गेली. मग मी त्यांना चांगलं सुनावलं. हाड मोडेपर्यंत हसत उभं राहायचं म्हणजे काय? एकदा ओरडला असता तर काय बिघडलं असतं?

भाऊजींनी डाव्या हातानं झोपलेल्या आरूच्या पायातली चप्पल काढून बाकाखाली ठेवली.

"सुमी लहान होती तवा मी घरी कितीसा असायचो, वैनी? आठ-आठ महिने रानात. यायचो तवा ही दाढी, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. पोरगी मला बघून कणगीमागं लपायची. लई रडायची. मी आपला उंबऱ्यात उभा. तिला वळख पटंस्तोवर माझी जायची येळ व्हायची." मग म्हणाले, "खिशात गूळ असायचा माझ्या. तिच्यासाठी आणलेला. तसाच इरघळून जायचा."

मला ते आठवत होतं. कणगीमागून सुमीला ओढून बाहेर काढणारी मीच होते. मी चहा आणला. त्यांना डाव्या हातानं बशी धरता येईना, म्हणून मी धरली.

दुसऱ्या दिवशी आरू बालवाडीत गेली. आपल्या पायानं गेली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत राहिली. सुमीनं काम सोडलं नाही. प्रदर्शन पुढच्या गावाला गेलं. भाऊजी अजून म्हणतात, हाड मोटारीनं मोडलं, त्यात जनावराचा काही दोष नाही.

त्या दिवशी डायनासोरपाशी आम्ही तिघं होतो. म्हाळबा भाऊजी, आरू आणि मी. पृथ्वीवरचा सगळ्यात भयंकर शिकारी म्हणे, आणि तिघंही जिवंत आहोत.