खर्पुडीचा कडक देव

बदलापूरच्या माळावर खर्पुडी अजून जिवंत आहे, ती केवळ माझ्या डोक्यामुळे! आमच्या मीनलला हे पटत नाही, पण चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझं काहीच पटलेलं नाही.

खर्पुडी म्हणजे गवतात वाढणारी नाजूक रानवेल. फूल बोटाएवढं, हुबेहूब कंदिलासारखं. पूर्वी माळभर दिसायची. मग माळाचे प्लॉट पडले, बिल्डिंगी उठल्या आणि शेवटची वेल जयदेव नावाच्या गावकऱ्याच्या तुकड्यात एका दगडाला टेकून उरली. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून मी रोज सकाळी तिला भेटायला जातो. आणि सोमवारी तिथे जेसीबी येणार होता.

"जयदेव, तेवढी एक वेल वाचव रे."

"काका, गवतापायी प्लॉट सोडू काय?"

मी वाद घातला नाही. जेसीबी अर्जांना भीत नाही, पण शेंदराला भितो. रविवारी शिवमंदिराजवळच्या दुकानातून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि वेलीशेजारच्या दगडाला फासून आलो.

सोमवारी जेसीबी आला आणि थबकला. जयदेवची आई काशीबाई डोक्यावर पदर घेऊन पुढे झाली. "जयद्या, आपल्या जाग्यात देव निंगाला. हात लावशील तं बघ!"

जेसीबी परत गेला. मी घरी येऊन दोनदा शिरा मागून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर देवासमोर नारळ, उदबत्ती आणि डोक्यावर खर्पुडीची दोन ताजी फुलं!

"काशीबाई, या देवाला फुलं चालत नाहीत," मी ओरडलो.

"मंग काय चालतं?"

"पाणी," घाबरून तोंडाला येईल ते बोललो. संध्याकाळपर्यंत तिथे नुसता चिखल. खर्पुडीचा कंद साचल्या पाण्यात कुजतो! "पाणीही नको. लांबून नमस्कार, बस."

झालं! फूल नको, पाणी नको म्हणणारा देव म्हणजे कडक देव. उल्हासनगरहून रिक्षा भरभरून लोक यायला लागले. जयदेवलाही उत्साह आला.

"काका, देऊल बांधतो. पाया खणायला उद्या जेसीबी सांगितलाय."

तोच जेसीबी. मी घाईघाईने म्हणालो, "देवाला छप्पर नको रे. काल माझ्या स्वप्नात आला होता. उघड्यावर राहीन म्हणाला. भोवतीच्या गवतालासुद्धा हात लावू नका म्हणाला."

काशीबाईने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि वयाने एवढी मोठी बाई चक्क माझ्या पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जयदेवने त्याच दिवशी तारेचं कुंपण घातलं आणि वेलीला आता नव्या कळ्या आल्या आहेत.

काल माळावर गेलो तर कुंपणाबाहेर मीनल, हात जोडून, डोळे मिटून. शेंदराचे हात मी घरच्याच टॉवेलला पुसले होते, त्यामुळे तिच्यापासून काहीच लपलेलं नव्हतं.

"अगं, तो दगड आहे."

"असू दे. नवसाला पावतो म्हणतात."

"काय मागितलंस?"

"तुमचं हे फुलांचं वेड सुटू दे."

मी खो खो हसलो. पण आज सकाळी, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच, मला माळावर जायचा कंटाळा आला.