बाबांचा चार वाजताचा चहा

बाबांचा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. आई म्हणाली, "दे. पण त्यातला यांचा चहा आधी काढून घे."

बाबांनी त्यात आठवण करून देणारा एक प्रोग्राम टाकला होता. रोज चार वाजता टिंग वाजायचं आणि पडद्यावर अक्षरं यायची, 'चहा टाकतेस का? साखर डॉक्टरांना न विचारता.' बाबा जाऊन तीन वर्षं झाली, तरी आई त्या टिंगवरच आधण ठेवायची.

प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर चालेना. मग मी बाबांचा अख्खा कॉम्प्युटरच लॅपटॉपच्या पोटात बसवला. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. (ऑफिसात मी आवक-जावक कारकून, इंजिनिअर फक्त घरी.) जागा वाचवायला त्याची डिस्क, म्हणजे आतला सगळा साठा, मी एका जुनाट पेन ड्राइव्हवर ठेवली. एक फाइल उघडायला इतका वेळ लागे, की बायको म्हणाली, "आत बाबा चष्मा शोधताहेत वाटतं."

तेवढं चाललं असतं. पण रात्री लॅपटॉप मिटला की आतलं घड्याळही झोपायचं, आणि सकाळी जिथे थांबलं तिथूनच पुढे निघायचं. चहाची टिंग कधी सकाळी नऊला, कधी दिवसभर नाहीच. महिनाभर असंच चाललं. एकदा संध्याकाळी सात वाजता घरी आलो, तर ती कोरडा कप पुढ्यात घेऊन बसलेली.

"चहा नाही घेतलास?"

"अजून यांनी सांगितलं नाही."

मी तसाच बूट न काढता बसलो. डिस्क लॅपटॉपच्या आत हलवली, आतलं घड्याळ बाहेरच्या घड्याळाशी जुळवलं, आणि मशीन सुरू केलं. घड्याळाने एकदम अकरा दिवसांची उडी मारली. राहिलेले सगळे निरोप एकामागून एक आले. टिंग! टिंग! टिंग! अकरा चहा!

"अहो, हो हो, टाकते!" म्हणत आई स्वयंपाकघरात धावली आणि सगळ्यात मोठं पातेलं काढलं. किती महिन्यांनी ती अशी खळखळून हसत होती! मी बायकोकडे ऐटीत पाहिलं.

तेवढ्यात बारावी टिंग झाली. वर्षातून एकदाच येणारा निरोप होता. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचला:

'कॉम्प्युटर दुकानात नेऊन साफ करून आणणे. चिरंजीव "मी करतो" म्हणतील. म्हणू द्यावं. करू देऊ नये.'