साळवीकाकांचे टेरियर

नोकरीवर घेताना साहेबाने तुमचं सर्टिफिकेट पाहिलं होतं, की पायांची लांबी?

आमचे साळवीकाका पाय पाहतात. मूळचे गुहागरचे, सौदीतल्या जुबैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन. माणूस ओळखायचं त्यांचं शास्त्र एकच: आयर्लंडचे टेरियर कुत्रे. एका आयरिश इंजिनियरने चहाच्या सुट्टीत ते शिकवलं आणि काकांनी त्याचा धर्म केला.

"हा ग्लेन टेरियर," आखूड पायांच्या वेल्डरकडे बोट दाखवून काका म्हणतात. "ग्लेन बिळात शिरून बिज्जूला भिडतो, पण तोंडातून आवाज नाही. उतरवा ह्याला टाकीत."

"हर बार मैं ही क्यों, चाचा?"

"भौंको मत. ग्लेन भौंकता नहीं."

केरी ब्लू म्हणजे गुरं वळणारा, उंदीर मारणारा, घरही राखणारा. एका भाकरीत तीन कामं. आमच्या कंपनीच्या मते सगळे भारतीय केरी ब्लूच आहेत.

कंपनी आमचे पासपोर्ट कुलपात ठेवते, त्याविरुद्ध मी पत्रकं लिहितो. काकांनी माझाही निकाल लावला. "तू लाल आयरिश टेरियर. आधी उडी, मग बघायचं, समोर उंदीर आहे की रेडा."

"आणि मॅनेजर कोण?"

"तो टेरियर नाही. टेरियर काम करतो."

त्यांचा लाडका मात्र गव्हाळ रंगाचा व्हीटन. "जमीनदाराकडे शिकारी कुत्र्यांचे कळप असायचे. कुळाच्या दारात हा एकटा," सांगताना त्यांची छाती फुगते. साळवींच्या कित्येक पिढ्या कूळ म्हणूनच राबल्या.

तो इंजिनियर "दोन महिन्यांत येतो" म्हणून गेला तो गेलाच. त्याचा व्हीटन, फिन, काकांकडे राहिला. आमच्या कामगारांच्या कँपात कुत्रा चालत नाही. काकांकडे बघून पहारेकरी डोळेझाक करतात, पण मॅनेजरने बजावलंय: साळवी रजेवर गेले की कुत्रा वाळवंटात.

काकांनी रजाच रद्द केली. नात रांगायला लागली, तिला त्यांनी अजून पाहिलेलं नाही. फोन कार्ड खरवडून तिचं रडणं तेवढं ऐकतात.

मी भडकलो. "काका, कुत्र्यापायी नातीला सोडता?"

वाटलं, आता टेरियरवर व्याख्यान होणार. काका फिनच्या केसांतल्या गाठी सोडवत राहिले. एक गाठ सुटल्यावर म्हणाले, "घरच्यांना माझ्या नसण्याची सवय झालीय रे. ह्याला अजून नाही."

मी पत्रकाचा एक कोरा कागद पुढे ओढला.

म्हणून तुम्हाला सांगतो. जुबैल-दम्मामकडे तुमचं अंगणाचं घर असेल, तर काकांच्या रजेपुरता फिनला ठेवून घ्या. तो उंदीर मारील, दारात आलेल्याच्या अंगावर उड्या घेईल. त्याला रोज विंचरा, आणि दुपारी सावलीत बांधा. या शुक्रवारी कँपच्या गेटवर या, साळवींचं नाव सांगा आणि त्याला घेऊन जा.