शेवंतीबाईंचं वेगळं कुटुंब

पूनम सागरमधल्या आपल्या सोसायटीत जनगणनेचा ऑनलाइन फॉर्म सगळ्यात आधी आणि सगळ्यात अचूक आपणच भरणार, असं क्षितिजानं सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं. त्यावर अकरा अंगठे आले. बाराव्यानं पार्किंगची तक्रार टाकली आणि विषय तिकडे वळला, पण क्षितिजा वळली नाही.

ती या कामासाठीच जन्मली होती म्हणा ना. पदवी संख्याशास्त्राची. त्यात रुचिता झाल्यापासून घरातली एकही गोष्ट तिनं मोजायची बाकी ठेवली नव्हती. नऊ महिन्यांची ती पोर किती मिनिटं झोपली, किती वेळा शिंकली, सगळं फोनमधल्या ॲपमध्ये. तिची नाचणी क्षितिजा उकळलेल्या भांड्यात शिजवायची, उकळलेल्या चमच्यानं ढवळायची, आणि ज्या चिमट्यानं चमचा उचलायचा तो चिमटाही उकळायची. दहा वाजता वाटी सासूबाईंच्या हातात देऊन ती आंघोळीला जायची. बाहेर येईपर्यंत वाटी अर्धी झालेली असायची.

"अर्धी खाल्लीन हो," शेवंतीबाई सांगायच्या.

क्षितिजा ओल्या हातानंच नोंद करायची: अर्धी वाटी, आवडीनं. पोरीचं वजन वाढत होतं. डॉक्टर पोरीवर खूश होते आणि क्षितिजा नाचणीवर.

तर रविवारी दुपारी ती फॉर्मला बसली. पाण्याचं कनेक्शन, संडास, टीव्ही, इंटरनेट, सगळं पटापट झालं. मग तिनं सूचना उघडल्या. सूचना कुणी वाचत नाही, क्षितिजा वाचते. तिथं लिहिलं होतं की एका स्वयंपाकघरातलं जेवतात ती माणसं म्हणजे एक कुटुंब.

क्षितिजाचा हात थांबला. तिच्या घरी ओट्यावरच्या गॅसवर रुचिताची नाचणी, नवऱ्याचा दलिया आणि तिचे स्वतःचे ओट्स शिजत. मागच्या ड्राय बाल्कनीत शेवंतीबाईंची छोटी शेगडी होती. क्षितिजाला दिवस गेले तेव्हा सुकटीच्या वासानं तिला उलट्या व्हायच्या, म्हणून शेवंतीबाईंनी आपण होऊन शेगडी तिकडे नेली होती आणि ती तिथंच राहिली.

"दिपेश, आपण दोन कुटुंबं आहोत," ती नवऱ्याला म्हणाली.

"कधीपासून?" दिपेशनं मॅचवरची नजर न काढता विचारलं.

"दोन शेगड्या आहेत. आई एकीवरचं खातात, आपण तिघं दुसरीवरचं."

"आपण तिघं," दिपेश म्हणाला आणि का कोण जाणे, त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. मग म्हणाला, "एकच लिही ना. कोण बघायला येतंय?"

"सरकारला खोटं सांगू? या आकड्यांवर ठरतं सगळं. शाळा किती, गॅस किती, पाणी किती."

"तुझ्या फॉर्मनं आपले टँकर बंद होणार आहेत का?"

"अचूक भरला तर का नाही?"

दुसऱ्या कुटुंबाला दुसरा मोबाइल नंबर हवा होता. तिनं शेवंतीबाईंचा घातला आणि त्यांच्याकडे गेली. "आई, तुमच्या फोनवर एक ओटीपी आलाय, तो सांगा."

"नाही सांगायची. ओटीपी कुणाला द्यायचा नाही, तूच शिकवलंस ना?"

"अहो, मी आहे. क्षितिजा."

"फसवणारेही ओळखीचं नाव सांगतात, हेही तूच शिकवलंस."

पंधरा मिनिटं विनवण्या झाल्यावर शेवंतीबाईंनी सहा आकडे एकेक करून, कानात मंत्र द्यावा तसे दिले. कशाला, ते विचारलं नाही. सुनेवर विश्वास होता.

दोन आठवडे गेले. क्षितिजाची वाढवलेली रजा संपत आली. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. तिनं तीन पाळणाघरं पाहिली होती; एकीकडे खिडकीला जाळी नव्हती, दुसरीकडे मांजर होतं, तिसऱ्या ठिकाणी सगळं ठीक होतं आणि त्याचाच तिला संशय आला. रुचिताला सांभाळणार शेवंतीबाई. त्या नाहीत, तर नोकरी नाही, इतका सरळ हिशोब होता.

आणि शनिवारी साडेबाराला जनगणनेचे प्रगणक फॉर्म तपासायला आले. गुणवंत सर, शाळेत गणित शिकवणारे. क्षितिजानं जाळीच्या दारातूनच त्यांचं ओळखपत्र पाहिलं, फोटोशी नाक ताडून पाहिलं, चष्मा काढायला लावला आणि मग आत घेतलं. सर घामाघूम होते. ते पाणी प्यायले आणि त्यांनी मोबाइल उघडला.

"इथं दोन कुटुंबं दिसतायत. एक दिपेश यांचं, माणसं तीन. दुसरं शेवंतीबाईंचं, माणूस एक. या शेजारी राहतात का?"

"शेजारी कशाला? ही काय इथं बसल्येय," शेवंतीबाई म्हणाल्या. "माझं कसलं दुसरं कुटुंब?"

क्षितिजानं व्याख्या सांगितली. उदाहरणासह सांगितली. जसजशी ती सांगत गेली तसतसा शेवंतीबाईंचा चेहरा उतरत गेला.

"माझाच ओटीपी घेतलास," त्या हळू म्हणाल्या, "आणि मलाच वेगळं काढलंस? तेही सरकारात लिहून?"

त्या उठल्या, कपाटावरची बॅग खाली काढली आणि लुगडी भरायला लागल्या. "दिपेश, गुहागरची गाडी किती वाजता सुटते रे?"

"आई, तो नुसता फॉर्म आहे," क्षितिजा म्हणाली. डोळ्यांपुढे सोमवार, जाळी नसलेली खिडकी आणि मांजर. "सर, ते पुसता येतं ना? एकच कुटुंब लिहा."

"असं कसं, मॅडम? तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंय. मला खात्री करावी लागेल." सर दिपेशकडे वळले. "तुम्ही कुठल्या शेगडीवरचं जेवता?"

दिपेशनं पंख्याकडे पाहिलं. "तसं बघायला गेलं तर... बाल्कनीतल्या."

"काय?" क्षितिजा म्हणाली. "आणि मी डब्यात देते तो दलिया?"

"तो माझ्या ऑफिसातला चंदन खातो. त्याला डॉक्टरांनी सांगितलंय. आई मला पिठी-भात देते, दुसऱ्या डब्यात."

सरांनी एक आकडा बदलला. "आणि बाळ?"

बाळाला विचारायची गरज नव्हती. रुचिता रांगत रांगत बाल्कनीत गेली होती आणि शेगडीवरच्या कुळथाच्या पिठीपुढे, चिमणीच्या पिल्लासारखी चोच उघडून बसली होती.

"ती रोज दहाला जेवते," शेवंतीबाई बॅगेत बघत म्हणाल्या. "ही आंघोळीला गेली की. मऊ भात, वर पिठी."

"म्हणजे बाल्कनीत माणसं तीन," सर म्हणाले. "ओट्यावरच्या शेगडीवर, मॅडम, तुम्ही एकट्याच. वेगळं कुटुंब तुमचं होतंय."

क्षितिजानं शेवटचा आधार पुढे केला. फोन. "अहो, ती नाचणी खाते. रोज अर्धी वाटी. तीन महिन्यांची नोंद आहे माझ्याकडे."

शेवंतीबाईंचा हात बॅगेतच थांबला. "ती मी खाते गो."

"तुम्ही?"

"पोर तोंडाला लावू देत नाही. तू बिचारी चिमटा उकळून करतेस, ती मोरीत कशी ओतू? गिळते कशीबशी. अर्धीच. सगळी संपवली तर तुला खरं वाटलं नसतं."

सरांनी मान वर केली. वर्गात अवघड गणित सुटल्यावर येतं तसं तेज त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "आजी, म्हणजे तुम्ही सुनेच्या शेगडीवरचं रोज खाता?"

"रोज. साखरेचा कण घालत नाही मेली, तरी खाते."

"मग वाद कसला? तिकडचं इकडे, इकडचं तिकडे. कुटुंब एक, माणसं चार." त्यांनी बटण दाबलं. "मुख्य धान्य?"

"तांदूळ," चौघांतले तिघं म्हणाले. चौथी पिठीसाठी रडत होती.

सर गेले. जाताना, माणसं मोजायला फेब्रुवारीत पुन्हा कुणीतरी येईल, तोवर शेगड्या वाढवू नका, असं सांगून गेले. क्षितिजानं बॅगेतली लुगडी एकेक करून काढली आणि घडी मोडू न देता कपाटात ठेवली. शेवंतीबाईंनी ठेवू दिली.

"सोमवारी किती वाजता निघायचंय?" त्यांनी विचारलं.

"साडेआठला."

"नाचणी करून जा. चिमूटभर साखर घाल."

संध्याकाळी क्षितिजानं ॲप उघडलं. चुकीची माहिती तिला चालत नाही. रुचिताचं नाव पुसून तिनं शेवंती लिहिलं, वय बासष्ट. भूक चांगली, वाटी अर्धी, आवडीनं नाही.

ॲपनं ते घेतलं नाही. त्यात पाच वर्षांपुढचं बाळ बसत नव्हतं.