झाडांची हजेरी

डोंगरदिवे सर वर्गात आले की आधी झाडांची हजेरी घेतात. पोरांची नंतर.

"नंबर एक, काटेसावर?"

"गैरहजर, सर!"

"नंबर दोन, पळस?"

"गैरहजर, सर! पन कळ्या लागल्या."

"कळ्या लागल्या म्हंजे गैरहजरच. नंबर तीन, आंबा?"

"हजर, सर! मोहोर आला. मी सोता पाह्यला."

हजर म्हणजे फूल उमललं, गैरहजर म्हणजे नाही. शाळेचं आवार आणि समोरचा रस्ता मिळून एकोणीस झाडं पटावर आहेत. प्रत्येक झाडाला एक विद्यार्थी 'पालक' म्हणून नेमलेला आहे. सकाळी शाळेत येताना पालकानं आपलं झाड बघून यायचं, कळ्या मोजायच्या, आणि हजेरीला उत्तर द्यायचं. पोरांच्या खऱ्या पालकांना सभेसाठी तीन-तीन निरोप धाडावे लागतात. झाडांचे पालक मात्र तापातसुद्धा येतात.

मी याच शाळेत मराठी शिकवते. अकोल्याहून बसने बार्शीटाकळी आणि तिथून ऑटोने गाव, असं माझं रोजचं येणं-जाणं. रुजू झाले त्या दिवशी शेजारच्या वर्गातून "बाभूळ? गैरहजर!" ऐकू आलं, तेव्हा बाभूळ हे कुणा पोराचं आडनाव असेल असं मला वाटलं होतं. आमच्याकडे आडनावांचं काही सांगता येत नाही.

सर विज्ञान शिकवतात. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर. हा तापाचा नव्हे, हवेचा. व्हरांड्यात सावलीला टांगलेला मोठा वेगळा. हा खिशातला म्हणजे त्याचा मदतनीस. सकाळी आठला आणि दुपारी दोनला पारा बघितल्याशिवाय सर पाणीसुद्धा पीत नाहीत. एकदा मी मोबाइल काढून म्हटलं, "सर, यात दाखवतात की सगळं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाइल परत पर्समध्ये ठेवला.

"मॅडम, तो अकोल्याचा पारा हाये. अकोल्याच्या पाऱ्यानं आपलं झाड काहून फुलंल?"

नोंदीच्या बाबतीत त्यांचा एकच प्रश्न असतो: "पाह्यलं का?" एका पोरानं बहावा फुलला असं सांगितलं. सरांनी विचारलं, पाह्यलं का? पोरगं म्हणालं, आजीनं पाह्यला. "आजी पटावर हाये का?" सर म्हणाले, आणि भर दुपारी अख्खा वर्ग बहाव्यापर्यंत चालवत नेला. आजीचं बरोबर निघालं. तरी वहीत नोंद पोराच्या नावाने झाली, आणि शेरा पडला : 'प्रथम सूचना – आजी.'

रस्ता रुंद करताना पटावरचा कडुनिंब तोडला गेला, तेव्हा सरांनी त्याचा रीतसर शाळा सोडल्याचा दाखला काढला. नाव, कडुनिंब. सोडण्याचे कारण, रस्ता रुंदीकरण. प्रगती, समाधानकारक. वर्तणूक, उत्तम. मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली आणि शिक्कासुद्धा मारला. स्टाफरूममध्ये आम्ही आठ दिवस हसत होतो. सर हसले नाहीत. त्यांनी दाखला फाइलला लावला आणि त्या जागी नवीन रोप लावायला पोरांना घेऊन गेले.

मीही हसणाऱ्यांतच होते, आणि बरीच वर्षं होते. तपासणीला आलेल्या साहेबांनी पट विचारला तर "बेचाळीस, अधिक एकोणीस" असं सांगणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? आम्ही त्यांना पाठीमागे 'वनस्पती' म्हणायचो. आज मला त्याची लाज वाटते.

ही हजेरी सुरू कुणी केली, हे मला त्यांची जुनी वही हाताळताना कळलं. पहिल्याच पानावर लहान मुलीचं वेडंवाकडं अक्षर होतं : 'सावर फुलली. मागच्या वर्षी परीक्षेनंतर फुलली होती. या वर्षी आधी का फुलली?' खाली नाव, प्रज्ञा.

प्रज्ञा ही सरांची एकुलती एक मुलगी. याच शाळेत शिकली, बापाला तो प्रश्न विचारला आणि बाप उत्तर शोधत बसला. ती पुढे अमरावतीला इंजिनिअर झाली आणि बंगळुरूला नोकरीला गेली. जाताना म्हणाली होती, "बाबा, सावर फुलली का सांगजा. मी येते." पहिली दोन वर्षं आली. मग आई गेली. मग प्रज्ञाचं काम वाढलं. सुट्टीसाठी तिला पंधरा दिवस आधी अर्ज टाकावा लागतो, रेल्वेचं तिकीट त्याहून आधी. आणि सावर काही पंधरा दिवस आधी कळवत नाही. एका वर्षी ती आली तर झाडावर नुसत्या कळ्या. दुसऱ्या वर्षी आली तर बोंडं फुटून कापूस उडत होता. मागची दोन वर्षं आलीच नाही.

"म्हून म्हटलं, आधी सांगता आलं पाह्यजे," सर मला म्हणाले. "पंधरा दिवस आधी. बाकी काई नाई."

आठवीच्या पोरांचा 'हवामान आणि फुलोरा' हा प्रकल्प असा उभा राहिला. विज्ञान प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, आणि एकाही माणसाला कळलं नाही की तो सगळा खटाटोप एका रजेच्या अर्जासाठी चालला होता. पोरांना मात्र कळलं होतं. त्यांच्यापासून काही लपत नाही.

या वर्षी पोरांनी कंबर कसली. सगळ्या जुन्या वह्या काढल्या. थंडी कधी सरली, ढगाळ दिवस किती, पारा कधी चढला आणि त्यानंतर किती दिवसांनी पहिलं फूल आलं, याचा फळाभर तक्ता केला. त्यावरून फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार निघाला. सरांनी तीनदा तपासलं. मग मधल्या सुट्टीत, आमच्या सगळ्यांच्या देखत, बंगळुरूला फोन लावला.

"माय, काढ तिकीट. पोरायनं हिशोब केला हाये."

त्या दिवशी सरांनी स्टाफरूमला आलुबोंडे आणले. आमच्या नोकरीच्या काळात पहिल्यांदाच.

आणि मग फेब्रुवारीतच ऊन तापलं. आम्हा अकोल्याकडच्या लोकांना उन्हाचा एक छुपा अभिमान असतो. पारा चढला की आम्ही तो एकमेकांना कौतुकाने सांगतो. या वेळी सर रोज पारा बघून नुसता वहीत उतरवायचे. सावरीच्या कळ्या पोरांच्या तक्त्याला न जुमानता फुगत चालल्या.

एका सकाळी मी आवारात आले तर काटेसावरीच्या बुंध्याभोवती आठवीचा अख्खा वर्ग. खोडाला ओली बारदानं गुंडाळलेली. दोन मुली बादल्यांनी पाणी ओतत होत्या. आणि गोळेवाल्याकडून आणलेली बर्फाची लादी मुळाशी फोडून टाकण्याचं काम चाललं होतं.

"हे काय रे?" मी विचारलं.

"झाडाले थंडी देऊन राह्यलो, मॅडम," सावरीची पालक म्हणाली. "उन्हानं लवकर फुलते ना. मंग थंडीनं उशिरा फुलंल."

मागे सर उभे होते. मला वाटलं, आता ओरडतील. ते वाकून बर्फाजवळ गेले, खिशातला थर्मामीटर जमिनीशी धरला, आकडा बघितला आणि म्हणाले, "लिहा." वहीत नोंद झाली : 'मुळाशी बर्फ टाकला.' आणि तीन दिवसांनी त्याच्यापुढे, सरांच्या अक्षरात : 'परिणाम नाही.'

कारण तिसऱ्या दिवशी हजेरीला सावरीची ती पालक मुलगी उभी राहिली.

"नंबर एक, काटेसावर?"

मुलीने मान खाली घातली.

"बोल ना. पाह्यलं का?"

"सर, आठ दिवसानं लिहू."

"हजर का गैरहजर?"

"हजर, सर," ती म्हणाली आणि रडायला लागली. सरांनी तारीख लिहिली, वेळ लिहिली, पारा लिहिला. मग तिला म्हणाले, "रडतं काहून? झाड फुललं हाये. चांगली गोष्ट हाये." आणि पळसाकडे वळले.

तरी आशा होती. सावर काही एका दिवसात सरत नाही. प्रज्ञा शनिवारी आली असती तर तिला झाड भरलेलं मिळालं असतं. पण शुक्रवारी तिचा फोन आला की ऑफिसातून रजा पुढे ढकलली आहे, निदान दहा दिवस. सरांनी आम्हाला काही सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते शनिवारी, ते प्रज्ञाला घ्यायला बार्शीटाकळीला गेले नाहीत म्हणून. शाळा सुटली तरी ते आवारातच बसून राहिले.

पुढच्या गुरुवारची गोष्ट. माझ्या ऑटोवाल्याला उशीर होता म्हणून मी सावरीखालच्या ओट्यावर जाऊन बसले. खिचडीच्या खोलीचं टिनाचं छप्पर तिथेच आहे. झाड लाल झालं होतं, वर पाखरांचा गोंगाट होता आणि खाली फुलांचा खच. सर पाठमोरे उभे होते, कानाला फोन. तिकडून प्रज्ञाचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. सर फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात आणि तरीही कानाला लावतात.

"खरं सांगा बाबा, फुलली ना? इकडंही खूप गरम आहे या वर्षी."

सरांनी पायाशी पडलेलं एक फूल उचललं.

"फुलली असेल तर राहू द्या. उगाच धावतपळत यायचं आणि काही बघायचंही नाही. पुढच्या वर्षी येते मी. नक्की."

तेवढ्यात एक फूल टिनावर पडलं. सावरीचं फूल जड असतं, चांगला आवाज झाला.

"काय पडलं?"

"पोरं बॉल खेळून राह्यले," सर म्हणाले.

शाळा सुटून अर्धा तास झाला होता. आवारात आम्ही दोघंच होतो.

"मंग? फुलली का?"

"नाई, माय," सर म्हणाले. ते झाडाकडेच बघत होते. "कळ्याच हायेत अजून. बारीक. तू आरामात ये. रजा भेटंल तवा ये. ती थांबते तुयासाठी."

पुन्हा टिनावर आवाज झाला. या वेळी सरांनी फोनवर हात ठेवला.

प्रज्ञा म्हणाली, मग पुढच्या शनिवारचं तिकीट बघते. सरांनी फोन खिशात ठेवला, वळले आणि मला बघितलं. मी उठून उभी राहिले. मराठीच्या शिक्षिकेला एक वाक्य सुचू नये, याचा मला राग आला, आणि रडूही येत होतं.

"शनिवारी येते म्हने," ते म्हणाले.

"ऐकलं मी, सर."

ते माझ्याजवळ आले. एवढी वर्षं ज्या माणसाने मला आंब्याचा मोहोर आणि बहाव्याची कळी ओळखायला शिकवली, तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मलाच सगळं माहीत आहे.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "नऊ दिवस टिकतीन का हो फुलं?"

"टिकतील सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग खाली वाकून पडलेली फुलं गोळा करायला लागले. मी पर्स ओट्यावर ठेवली आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. रस्त्यावर माझा ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. त्याला मी हातानेच थांबायला सांगितलं.