राजरथाचे चार घट

जगदंबेस वंदून जे घडले ते सांगतो, श्रोत्यांनी पदरचे घालू नये. शके १९९८, दुर्मुखनाम संवत्सर. ते समयी राज्यात रथांस घोडे उरले नव्हते. पेटीत कोंडिली वीज रथ ओढीत असे, आणि पेटी थकली म्हणजे धनीही जागीच बसत असे. ऐशात घाटमाथ्याच्या किल्ल्यात गनिमाचा वकील जाऊन बसला, आणि किल्लेदाराने लिहून पाठविले, की सूर्यास्तापावेतो महाराज जातीने न दिसले तर किल्ला गनिमास देतो. महाराज तत्काळ उठले, तो राजरथ हालेना. मग पेटीखाना सांभाळणाऱ्या अंबूबाईंस बोलाविले. बाईंनी पेटी उघडिली, तो आत वीज साठविणारे शंभर घट, त्यांत चार मेलेले, बाकीचे दहा वर्षांचे, थकले परंतु जिवंत. नवी पेटी यावयास दोन महिने, आणि हाती दिवस एक.

बाई बोलिल्या, "मुदपाकखान्याची भाजीची गाडी याच वयाची आहे. तिचे चार घट घालते." तो कारभारी त्रिंबकपंत खवळले, "कोठारात कोरे घट असता भाजीचे घट महाराजांचे आसनाखाली?" बाई म्हणाल्या, "पंत, थकल्या बैलाशेजारी तरणा खोंड जुंपून औत चालते काय? ओढाताण होऊन पेटी घाटात बसेल." परंतु दरबारात रिवाजास पाट मिळतो, अक्कल दाराशी उभी राहते. महाराजांनी आज्ञा केली, "कोरेच घाला. आज्ञा मोडाल तर कडेलोट."

बाईंनी मान लवविली, आणि पेटीखान्याचे दार लाविले, आणि भाजीच्या गाडीचेच घट बसविले. पंतांनी आपल्या जुन्या रथात मात्र हौसेने चार कोरे घालून घेतले.

मग दोन्ही रथ निघाले, आणि बाई राजरथाचे सारथ्यास बसल्या, आणि वीज दाखविणारा काटा घाट लागता तिसावर आला, मग वीस, मग दहा, आणि ऊन कलले. इतक्यात मागे पंतांचा रथ बसला तो बसलाच. पंत धावत येऊन राजरथात चढले, आणि धापा टाकीत बोलिले, "महाराज, मुदपाकखान्याचा निरोप आला! भाजीच्या गाडीचे घट नाहीसे! बाईंनी आज्ञा मोडिली!"

बाई काट्यावरून नजर न काढिता म्हणाल्या, "खरे आहे, महाराज. परंतु काटा तिनावर आहे, आणि वळणे दोन उरली. एक माणूस उतरले पाहिजे."

महाराजांनी बाईंकडे पाहिले, आणि मग पंतांकडे पाहिले. पंत उतरले.

सूर्य डोंगरास टेकला, तो रथ दरवाजात शिरला, आणि किल्लेदाराने किल्ल्या महाराजांचे पायांवर ठेविल्या, आणि गनिमाचा वकील मागल्या दिंडीने निघून गेला. बाई तेथेच बसून ढसढसा रडल्या. तो महाराज बोलिले, "आज्ञा मोडिलीत. कडेलोट ठरला होता."

बाईंनी डोळे पुसिले. "मोडिली, महाराज. परंतु कोरे घट घातले असते, तर हा कडा आज गनिमाचा असता. मला ढकलावयास त्याची परवानगी काढावी लागती."

महाराजांनी कड्यावरून खाली डोकावून पाहिले. मग म्हणाले, "आत चला, बाई. येथे वारा फार आहे."

येणेप्रमाणे किल्ला राहिला, बाई राहिल्या, आणि पंत पायी पावले. इतके घडले, इतके लिहिले.